वाद्यावरील नांव

घरांत तंबोरा, सतार किंवा पेटी असली म्हणजे तें वाद्य केव्हां घेतलें, काय किमतीस पडलें, जव्हारी शेवटीं कधीं काढली, इत्यादि माहिती घरच्या मंडळींच्या जिभेवर असते. परंतु तें घडविलें कोणी, असा प्रश्न केल्यास बहुधा ‘अमक्या दुकानांतून आणलें’ एवढेंच उत्तर मिळतें. दुकानदार हा विक्रेता. तो कर्ता नव्हे. आपल्याकडे लग्नामुंजींत दिलेल्या भांड्यांवर देणाराचें नांव हौसेनें घातलेलें असतें. तें भांडें ठोकणाऱ्या तांबटाचें नांव मात्र त्यावर सहसा आढळत नाहीं. वाद्याच्या बाबतींत ही उदासीनता विशेष नुकसानीची आहे. म्हणून कर्त्याचें नांव किंवा चिन्ह, ज्यास हल्लीं सर्रास ‘लोगो’ म्हणूं लागले आहेत, तें लाकडांत जडवून बसविण्याच्या कलेविषयीं चार गोष्टी आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय नक्षीचा दिसतो खरा. परंतु नक्षीच्या बुडाशीं प्रश्न जबाबदारीचा आहे.

आपल्या संस्कृत नाटकांत नांवाच्या खुणेवर उभारलेलीं कथानकें प्रसिद्ध आहेत. शाकुंतलांत दुष्यंताच्या नांवाची आंगठी पाण्यांत पडते आणि तिच्याबरोबर शकुंतलेची ओळखही बुडते. मुद्राराक्षसांत अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हातीं लागते आणि तीच मुद्रा उठवून राक्षसाच्याच घातास कारण होणारें पत्र सिद्ध होतें. उलटपक्षीं विक्रमोर्वशीयाच्या शेवटच्या अंकांत मणी पळविणारें गिधाड ज्या बाणानें पडतें, त्या बाणावरील नांव वाचूनच पुरूरव्यास आपल्या पुत्राची वार्ता कळते. आंगठी हरवते, किंवा परक्याच्या बोटांत जाते. बाणावर कोरलेलें नांव बाण आहे तोंपर्यंत बाणाचेंच राहतें. वाद्यावर डिंकानें चिकटविलेली चिठ्ठी ही आंगठीच्या जातीची, आणि लाकडांत जडविलेलें अक्षर हें बाणावरील नांवाच्या जातीचें. हा भेद ध्यानांत ठेविला म्हणजे पुढील विवेचन सुगम होईल.

आम्ही राहतों तो चांद्याचा मुलूख मूळचा लाकडाचा. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा चंद्रपुरांतून निराळा झाला, तरी आलापल्लीपासून बल्लारपूरपर्यंतच्या सागाची कीर्ति एकच आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं २०२३ सालीं साग गेला तो ह्याच भागांतून. येथील लांकूड जंगलांतून आगारांत येतांना त्याच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा उमटविलेला असतो, आणि तो ठसा खोटा करणें अगर खरवडून टाकणें हा १९२७ च्या वनकायद्याच्या ६३ व्या कलमाखालीं अपराध असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) ह्या लहानशा गांवानें २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळविल्यावर २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचा परवाना आपल्या ग्रामसभेच्या सहीनें देण्याचा अधिकार हातीं घेतला, तेव्हां त्या गोष्टीचा केवढा गौरव झाला हें आमच्या बाजूच्या लोकांस आठवत असेल. तात्पर्य, मालावर निशाणी कोणाची, हा प्रश्न आमच्या अरण्यांत क्षुल्लक मानला जात नाहीं. परंतु ओंडका करवतीखालीं गेला कीं त्या तोंडावरील ठसाही कापून जातो. पुढें त्याच लाकडाची पेटी झाली किंवा सतारीची दांडी झाली, तरी तिच्यावर नवी निशाणी घालण्याचें काम घडविणाराचेंच होय.

महाराष्ट्रांत तंतुवाद्यें घडविण्याचें पीठ म्हणजे मिरज. तेथील ह्या धंद्याचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नांवाच्या कारागिरापाशीं सांगतात. हीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. तलवारींस धार व झिलई देणें हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. राज्यें गेलीं, शस्त्रांची गरज सरली, आणि पात्यावरून फिरणारा तो हात तारांकडे वळला. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं तेथें शिकलेले विष्णु दिगंबर पलुसकर, पुढें तेथेंच राहिलेले व १९३७ सालीं निवर्तल्यावर तेथेंच विसांवलेले अब्दुल करीमखांसाहेब, अशा थोर कानांचा शेजार त्या हातांस लाभला. भोपळे भीमाकांठीं पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकतात. दांडी व तबली तुणीच्या लाकडाची करतात, सतारीस सागही वापरतात. असें वाद्य उभें करण्यास आठवडेच्या आठवडे लागतात आणि त्यांतील शेवटचा मोठा हिस्सा पांढऱ्या पट्ट्या, वेलबुट्टी व नांव बसविण्यांत जातो.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. युरोपांतील व्हायोलिनच्या पोटाला दोन फटी असतात. त्यांतून डोकावलें असतां आंत चिकटविलेली कर्त्याची चिठ्ठी वाचतां येते. इटलींतील क्रेमोना येथील आंतोनिओ स्त्रादिव्हारी (मृत्यु १७३७) ह्या विख्यात कारागिराची अशीच लॅटिन चिठ्ठी असे. परिणाम काय झाला? पुढील काळांत कारखान्यांनीं असंख्य सामान्य व्हायोलिनांत त्याच्या नांवाच्या छापील चिठ्ठ्या चिकटविल्या, आणि आज कोणाच्या माळ्यावर तशी चिठ्ठी सांपडली तरी जाणता मनुष्य तिजवर विश्वास ठेवीत नाहीं. मुद्राराक्षसांतील मुद्रेचीच ही गत! आपला तंबोरा व सतार ह्यांचें पोट बहुधा बंद असतें. आंत डोकावण्यास जागाच नाहीं. त्यामुळें नांव घालावयाचें तर बाहेर, सर्वांच्या दृष्टीपुढें घालावें लागतें. आणि बाहेर टिकावयाचें तर तें जडविलेलेंच पाहिजे.

आतां जडावाची रीत. प्रथम अक्षरें कागदावर काढून तो कागद हाडाच्या, शिंपल्याच्या किंवा दुसऱ्या रंगाच्या लाकडाच्या पातळ पत्र्यावर डकवितात. मग केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीनें अक्षर कापून कानशीनें त्याच्या कडा साफ करतात. तें अक्षर वाद्यावर ठेवून तीक्ष्ण टोंचणीनें त्याच्या भोंवतीं रेघ मारतात व त्या रेघेच्या आंतील लांकूड लहान पटाशीनें उकरून खांच पाडतात. अक्षर आधीं आणि खांच मागून, हा क्रम चुकवावयाचा नसतो. कारण खांच अक्षराच्या मापानें करतां येते, पण कडक अक्षर खांचेच्या मापानें घासूं गेल्यास मोडतें. खांचेची खोली पत्र्याच्या जाडीहून किंचित् कमी ठेवितात, म्हणजे सरस लावून दाबून वाळविल्यावर अक्षर केसभर वर राहतें आणि मग तें घासून लाकडाशीं एकपातळी करतां येतें. भोंवतालच्या बारीक फटींत त्याच लाकडाचा भुसा सरसांत कालवून भरतात आणि सर्वांवर लाखेच्या पॉलिशाचे हात देतात. उत्तम जडावाची परीक्षा डोळ्यानें नव्हे, नखानें करावी; नख फिरवितांना अक्षर कोठें सुरू झालें हें कळूं नये.

ह्याखेरीज दुसऱ्याही रीति आहेत. उत्तर प्रदेशांत मैनपुरी येथें शिसवीच्या लाकडांत पितळेची चपटी तार ठोकून नक्षी करतात, तीस तारकशी म्हणतात. तेथें लाकडाची पकडच तारेस धरून ठेविते. पांढऱ्या पट्टीवर टोंचणीनें वेल किंवा अक्षर कोरून त्या रेघांत काळी लाख भरणें, ही तिसरी रीत; तंबोऱ्याच्या कडेवरील वेलबुट्टी पुष्कळदां ह्या जातीची असते.

परंतु ह्या कामाचा खरा शत्रु हवा हा आहे. लांकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. आणि हें फुगणें-आकसणें शिरांच्या लांबीकडे जवळजवळ शून्य, तर शिरांच्या आडवें बरेंच असतें. हाड, शिंपला, पितळ हीं दमट हवेनें लाकडासारखीं फुगत नाहींत. सबब शिरांच्या आडवी लांब पट्टी एकसंध बसविली तर पांचसहा ऋतूंत ती सैल होते अथवा शेजारचें लांकूड फाडते. आमच्या चंद्रपुरास वैशाखांत पारा ४५ अंशांपुढें जातो आणि श्रावणांत भिंतींस ओल येते. तेथें तर ही परीक्षा प्रतिवर्षीं होते. म्हणून जाणते कारागीर आडवी नक्षी लहान तुकड्यांची करतात. ह्या बाबतींत आपली देवनागरी लिपि फारच सोईची आहे. नांव दांडीच्या लांबीकडे लिहिलें असतां शिरोरेषा ही शिरांच्या दिशेनें जाणारी एकच लांब पट्टी होते, तिला हवेचा उपद्रव नाहीं. आणि तिच्याखालीं लोंबणारीं अक्षरें लहान असल्यामुळें तींही स्वस्थ राहतात. इंग्रजी टोपण चिन्हांच्या मोहांत पडलेल्या नव्या कारागिरांनीं ह्या गोष्टीचा विचार करावा.

नांव कोठें घालूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. तबली ही वाद्याची जीभ होय. ती पातळ असते आणि तारांचें कंपन घोडीच्या मार्गें तिजवर उतरतें. तिच्या मध्यावर खांचा पाडून कडक पत्रे बसविणें म्हणजे जिभेवर दागिना टांगणें. तबलीच्या कडेची पट्टी मात्र निराळी. तेथें तबली भोपळ्यास जखडलेलीच असते, आणि ती पट्टी उघड्या कडेचें ओल व धक्का ह्यांपासून रक्षणही करते. व्हायोलिनच्या कडेनें जी तीनपदरी बारीक रेघ जडविलेली असते तिचाही उपयोग कडेची भेग आंत जाऊं न देणें हाच आहे. सारांश, अलंकार कडेला, नांव दांडीच्या वरच्या टोंकास किंवा पाठीमागें, आणि मध्य सुरासाठीं मोकळा, हा नियम उत्तम.

आतां जडविण्याच्या द्रव्याविषयीं. पूर्वीं हस्तिदंत व सांबराचें शिंग ह्यांस मान होता. आमच्या ताडोब्याच्या बाजूस सांबराचीं व चितळाचीं शिंगें दरवर्षीं गळून पडतात, म्हणून तीं उचलण्यांत पाप काय, असें विचारणारे गृहस्थ आम्हांस भेटतात. परंतु गळलेलें शिंग कोणतें आणि मारून काढलेलें कोणतें, हें बाजारांत कोण ओळखणार? शिंगास किंमत आली कीं बंदुकीस काम मिळतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं असा व्यापार बंद झाला, १९८६ च्या दुरुस्तीनें भारतीय हस्तिदंताचा व १९९१ च्या दुरुस्तीनें आयात केलेल्या आफ्रिकी दंताचाही मार्ग बंद झाला, हें योग्यच झालें. सरस्वतीच्या वाद्यावर मुक्या प्राण्याच्या वधाची सही नको.

हस्तिदंताच्या जागीं जो पदार्थ आला तो सेल्युलॉइड. अमेरिकेंत हायट ह्यांनीं १८७० च्या सुमारास हा पदार्थ बाजारांत आणला, तोही बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूस पर्याय शोधतांना. त्याच्या घडणींत कापूर असतो, आणि पेट घेण्यांत तो कापराचाच भाऊ शोभतो. ज्यांच्या घरीं जुना तंबोरा आहे त्यांनीं तो देवघरांतील समईजवळ अगर धूपारतीच्या वाटेवर कधींही ठेवूं नये. हल्लीं बहुधा दुसऱ्या प्रकारचें प्लास्टिक वापरतात. तें स्वस्त व निरुपद्रवी आहे. परंतु आमच्या मतें ह्याहून शोभिवंत द्रव्यें आमच्याच जंगलांत आहेत. हळदूचें लांकूड नांवाप्रमाणें पिवळें व बारीक कणांचें असतें. विड्यांच्या पानांसाठीं ज्या टेंभुर्णीची ख्याति आहे, त्या झाडाचा जुना गाभा काळाकुळकुळीत असतो. त्याच्या शास्त्रीय नांवांतच काळें लांकूड असा अर्थ आहे. पळसावर व कुसुमावर लाख होते. शिसवीच्या दांडीवर हळदूचीं पिवळीं अक्षरें, किंवा तुणीच्या तांबूस लाकडावर टेंभुर्णीचीं काळीं अक्षरें किती खुलतील! लाकडांत लांकूड जडविलें म्हणजे दोघांचा हवेशीं व्यवहारही बराचसा सारखा राहतो. मात्र दोहोंच्या शिरा एका दिशेनें ठेवाव्या. त्यासाठीं मोठें झाड पाडावयास नको. सुतारांच्या कोपऱ्यांत पडलेले परवान्याच्या लाकडाचे तुकडे पुरे होतात.

हें सर्व सांगण्यास प्रवृत्त करणारी एक हकीकत अशी. आमच्या एका स्नेह्यांनीं नातीसाठीं दूरच्या एका शहरांतून तंबोरा आणविला. दांडीवर दुकानाच्या नांवाची झगझगीत प्लास्टिकची पाटी होती. दुसऱ्या वर्षींच्या मे महिन्यांत ती पाटी आपोआप सुटून पडली, आणि तिच्याखालीं भुसा व सरस ह्यांनीं बुजविलेल्या खांचा दिसल्या. तिरप्या उजेडांत पाहिलें असतां एक शिरोरेषा तेवढी स्पष्ट ओळखूं येते. तिच्याखालचीं अक्षरें कोणीतरी काळजीपूर्वक उकरून काढलेलीं आहेत. पुढें जव्हारी बिघडली म्हणून दुकानास पत्र लिहिलें, तों उत्तर आलें कीं, ‘आम्ही केवळ विक्री करतों.’ मुलगी अजून त्याच तंबोऱ्यावर बसते. सूर गोड आहे, पण एक तार केव्हांपासून बोलत नाहीं. ज्या हातानें तो सूर घडविला तो हात ती तार घटकाभरांत बोलती करील. परंतु तो हात कोणाचा, हें आम्हांस सांगणारें जें एकच अक्षरचिन्ह होतें तें पुसलेलें आहे.

येथें नुकसान दोघांचें झालें. गृहस्थाचा दुरुस्तीचा मार्ग खुंटला, आणि कारागिराचें पुढचें गिऱ्हाईक गेलें. कारण त्या तंबोऱ्याची आमच्या गांवांत जितकी स्तुति झाली ती सर्व त्या पाटीच्या नांवें जमा झाली. दुकानानें आपलें नांव घालूंच नये असें आम्ही म्हणत नाहीं. माल जोखून घेणें, जपून पोंचविणें ह्यांतही श्रम आहेत. परंतु स्वतःचें नांव कर्त्याच्या नांवाशेजारीं घालावें, त्याच्या उरावर घालूं नये. ओंडक्यावरील सरकारी ठसा खरवडणारास आपण चोर म्हणतों. तोच न्याय दांडीवरील नांवास कां लावूं नये?

२०२४ सालीं मिरजेची सतार व मिरजेचा तंबोरा ह्यांस भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें परगांवच्या मालावर ‘मिरज’ हें नांव घालून विकण्यास आळा बसण्याची सोय झाली, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि गांवाचें नांव हें गोत्रासारखें आहे. गोत्र सांगितल्यानें माणसाची ओळख पुरी होत नाहीं, स्वतःचें नांवही सांगावें लागतें. गांवाच्या मुद्रेबरोबर कारागिराचें नांव व वर्ष अशीं तिन्ही जडविलीं गेलीं म्हणजेच ह्या मानांकनाचें फळ घडविणाराच्या घरापर्यंत पोंचेल.

तेव्हां आमच्या वाचकांनीं, विशेषतः मुलींच्या शिक्षणासाठीं वाद्य घेणाऱ्या मातांनीं, पुढील गोष्टी मनांत धराव्या. वाद्य घेतांना कर्त्याचें नांव, गांव व वर्ष विचारावें, आणि तें लाकडांत जडवून द्यावयास सांगावें. चार पैसे अधिक पडले तरी द्यावे. जडावाचें काम तिरप्या उजेडांत धरून पाहावें व नख फिरवून पाहावें. पांढरें द्रव्य कशाचें, हें स्पष्ट विचारावें. हस्तिदंत किंवा शिंग आहे असें कोणी अभिमानानें सांगूं लागल्यास तें वाद्य परत करावें. परदेशीं असलेल्या मुलांस वाद्य पाठवावयाचें असेल तर हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. शिसवीच्या जातीचें लांकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंधांत आलें असून २०१९ च्या दुरुस्तीनें तयार वाद्यांस त्यांतून सवलत मिळाली. परंतु हस्तिदंत बसविलेलें वाद्य सीमेवर अडकतें. आणि घरांत वडिलांच्या वेळचा जुना तंबोरा असल्यास त्यावरील नांव घासूनपुसून ‘नवें’ करूं नये. फट पडली असेल तर जाणत्याकडून सरसानें भरून घ्यावी.

नांव लहान असावें, खरें असावें, आणि सुराच्या वाटेंत येऊं नये. एवढ्या तीन गोष्टी ज्यानें पाळल्या त्या कारागिराची सही त्याच्या पश्चात् शंभर वर्षेंही वाचली जाईल, आणि वाद्य बिघडलें तर त्याच्या नातवाच्या दारापर्यंत वाट दाखवील. इत्यलम्.